रेंज फुल्ल आहे

रिसोड,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. पौर्णिमा हिस,
तुझ्या बाबाचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सोयाबीन निघालं, हरभरा उगवला. शेजारची रुचिका सुटी संपवून परवा डब्लिनला निघते आहे, तिच्या हाती हे पत्र आणि जवसाची चटणी पाठवतो. आधी पोटभर जेव, मग पुढचं वाच. ही आज्ञा समज.

व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात बाबाला पत्राची हुक्की कुठून आली, म्हणशील. सांगतो.

तू तर कमालच केलीस. पोरगी आयर्लंडात आणि वाय-फायवाला आमच्या छतावर! प्रज्वल नावाचा पोरगा आला, वायर ओढली, डबा बसवला. मग स्वतःचा मोबाइल बघून मला म्हणतो, "काका, रेंज तं आधीपासूनच फुल्ल हाय तुमच्या घरी. ताईनं कंप्लेंट कायले केली?" मी घाईघाईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि विषय बदलला. तुझी आई खाटेवरून हसली. फार दिवसांनी हसली, म्हणून मीही हसलो.

पौर्णिमा, आपल्या घरची रेंज कधीच गेली नव्हती.

तू व्हिडिओ लावलास की मीच फोन बंद करायचो. कधी कॅमेऱ्यावर बोट ठेवायचो, कधी "हॅलो, हॅलो, आवाज येऊन नाही राह्यला" असं ओरडायचो. आयुष्यभर एसटीच्या आगारात गाड्यांचे बिघाड काढले. नसलेला बिघाड दाखवायची वेळ पहिल्यांदाच आली. आई शेजारी गेली, आईची दाढ दुखते, आई झोपली, सगळं खोटं. आई माझ्या बाजूलाच असायची आणि तुझा आवाज ऐकत असायची.

एकदा तू फारच रडकुंडीला आलीस, तेव्हा मी तिचा फोनमधला जुना रेकॉर्ड केलेला आवाज पाठवला. "जेवली का माय? स्वेटर घालत जाय." तो एप्रिलमधला होता, जयंतीच्या दिवशीचा. मागून डीजे आणि जयभीमच्या घोषणा येत होत्या, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. तू लगेच विचारलंस, "बाबा, सप्टेंबरात जयंती कुठी निघून राह्यली?" मी म्हणालो, विहारात वर्षावासाचा कार्यक्रम आहे. वर्षावासात, शांतपणे ग्रंथ वाचायच्या दिवसांत, डीजे! बाबा काहीतरी लपवतो आहे, हे तुला तेव्हाच कळलं असावं, आणि म्हणूनच हा वाय-फाय आला.

आता खरं. पोळ्यानंतर तुझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. वाशीमला दवाखान्यात ठेवलं होतं. उजवा हात आणि पाय लुळे पडले, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. आता ती काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. हात थोडा हलतो. चेहऱ्याची उजवी बाजू मात्र अजून रुसलेली आहे. डॉक्टर म्हणतात, बोलायला लावा, बोलूनच बोलणं परत येईल.

दवाखान्यात तिला पहिले शब्द फुटले ते असे, "पोरीले... सांगू नका. परीक्षा." तुझी नोकरी पक्की व्हायची परीक्षा तोंडावर होती. आणि तू पडलीस नर्स. एकदा तोंड पाहिलं असतंस तर सगळं ओळखलं असतंस आणि पुस्तकं टाकून विमानात बसली असतीस. मंगळवारी तू पास झाल्याचं कळवलंस. तुझ्या आईने माझी बाही ओढली. "आता सांगा," म्हणाली.

फोनवर सांगणार होतो. पण तू "बाबा?" म्हणालीस की माझा आवाज जातो. म्हणून हे पत्र. रागव माझ्यावर, हक्क आहे तुझा. धावत येऊ नको, असं तुझ्या आईने लिहायला लावलं आहे. माझं विचारशील तर सुटी मिळेल तेव्हा ये. मला तू इथे हवी आहेस.

पुढच्या रविवारी व्हिडिओ लाव. तिने निळं लुगडं काढून ठेवलं आहे. केस मी विंचरून देणार आहे, तेव्हा भांग वाकडा दिसला तर तो अर्धांगाने नव्हे, माझ्यामुळे. आणि ते तोंड पाहून नर्स होऊ नको. तिची मुलगीच राहा.

ती रोज आरशापुढे बसून तुझं नाव घेते. "पौ" येतं, पुढे अडते, पुन्हा सुरुवात करते. तुझ्यासमोरही अडेल. तोंड उघडं राहील, आवाज यायचा नाही. तेव्हा रेंज गेली असं समजून फोन कट करू नको, पोरी. थोडी थांब. तुझी माय तुलेच हाक मारून राह्यली असेल.

तुझा लबाड बाबा,
जानराव