बाईंना मी काय सांगितलं

अण्णा, तुम्ही माझ्या शाळेत आला होता त्या दिवसाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तो दिवस तुम्ही दुकानातल्या सगळ्यांना सांगितला, आत्याला सांगितला, फोनवर गावाकडे काकांना सांगितला, आणि प्रत्येक वेळी मी शेजारी बसून मान डोलावली. तुम्ही सांगत होता ती गोष्ट अर्धीच होती. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

तेव्हा आपल्याला अमेरिकेत, एडिसनला, येऊन दीड वर्ष झालं होतं. इथे आधीच स्थायिक झालेल्या आत्याने भावासाठी, म्हणजे तुमच्यासाठी, केलेला व्हिसाचा अर्ज मंजूर होईपर्यंत मी नववी पास झाले होते. तुम्ही गावच्या हायस्कुलातली शिपायाची नोकरी सोडून आलात आणि ओक ट्री रोडवरच्या फरसाणाच्या दुकानात, मागच्या खोलीत, शेव पाडायला लागलात. त्या वर्षी आपल्यासारख्या चेहऱ्यांकडे लोक संशयाने बघत, म्हणून मालकांनी दुकानाच्या काचेवर अमेरिकेचा मोठा झेंडा चिकटवला होता, आणि तुम्ही बाहेर पडताना शर्टावरचं पीठ झटकून मगच दार उघडायचा. मला अकरावीत पहिल्यांदा इथल्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गात बसवलं होतं. त्याआधी वर्षभर मी नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात होते. तिथे फळांची नावं आणि भूतकाळ शिकवत. इथे अमेरिकन साहित्य आणि निबंध. या वर्गात टिकले तर बारावीनंतर कॉलेज, नाही टिकले तर परत त्या जुन्या वर्गात आणि कॉलेजचं काय ते देवाला ठाऊक, असं मला साफ सांगितलं होतं. आपल्या घरात तोवर दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

वर्गात एक जुनी कादंबरी होती. तिचं नाव तुम्हाला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, तिच्यात एक गिरणीवाला होता म्हणून तुम्ही तिला ‘गिरणीवाल्याचं पुस्तक’ म्हणायचा. मला ती समजत नव्हती. एका पानाला वीस वेळा डिक्शनरी उघडावी लागे. मी कागदावर मोठ्या अक्षरात तिचं नाव लिहून दिलं आणि तुम्ही सुट्टीच्या दिवशी लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीला जाऊन, एकेका पुस्तकावर अक्षर न् अक्षर जुळवत, ते शोधलं. घरी आल्यावर बघते तर कादंबरी नव्हेच, तिचं गाईड. तुम्हाला उलट जास्तच आनंद झाला. “अगं, इथं पण गाईड असतंय की! मग काय घाबरतीस?” दुकानातल्या खाकी पिशवीचं कव्हर घालून तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. कव्हरावर तेलाचा डाग होता, त्यावर तुम्ही माझं नाव घातलंत, देवनागरीत.

मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात पाठांतर. आई पोळ्या लाटते आहे, मी टेबलाला टेकून डोळे मिटून म्हणते आहे, आणि तुम्ही गाईडमध्ये बोट धरून बसला आहात. अर्थ तुम्हाला कळत नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही पुरता कळत नव्हता, पण अक्षरं तुम्हाला येत होती. मी अडखळले की तुम्ही म्हणायचा, “पुढं डब्ल्यू.” नाही तर, “थांब. त्यात एक ‘द’ राहिला.” आई म्हणाली, “अहो, तिच्या घशाला कोरड पडली, पाणी तरी पिऊ द्या.” तुम्ही म्हणालात, “पाणी परीक्षेनंतर.” आपण तिघं हसलो. गावाला असताना वर्गात पहिल्या आलेल्या मुलांचे निबंध तुम्ही ऑफिसातून आणून मला असेच पाठ करायला लावायचा. निबंध म्हणजे काय, तर चांगली वाक्यं डोक्यात भरायची आणि परीक्षेत एकही न सांडता कागदावर उतरवायची. यात काही वावगं आहे असं आपल्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

वर्गातच बसून लिहायचा निबंध होता. मी अडीच पानं लिहिली, एक ‘द’सुद्धा न चुकवता. चार दिवसांनी बाईंनी मला तास संपल्यावर थांबवलं. पिकलेल्या केसांच्या, शांत बोलणाऱ्या बाई होत्या, मला त्या फार आवडायच्या. त्यांनी विचारलं, “हे तू कॉपी केलंस का?” मी म्हटलं, “नाही. माझ्याजवळ काही नव्हतं. तुम्ही समोरच होतात.” त्यांनी विचारलं, “मग ही वाक्यं कुणाची?” मी म्हणाले, “गाईडची. मी पाठ केली.” हे मी अभिमानाने म्हणाले, अण्णा. मला वाटलं, आता त्या शाबासकी देतील.

त्यांनी एक लांबलचक शब्द उच्चारला आणि वडिलांना घेऊन ये म्हणाल्या. तो शब्द मी घरी येऊन डिक्शनरीत पाहिला. पुढे मराठीत लिहिलं होतं, वाङ्मयचौर्य. तुम्ही विचारलंत, “म्हणजे काय?” मी सांगितलं, “चोरी.” तुमच्या हातातला घास तसाच राहिला. “चोरी? आपण?” घास ताटात ठेवलात. मग म्हणालात, “उद्या मी येतो. बाईंना समजलेलं नाही. समजावून सांगितलं पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानातून लवकर निघून चालत आलात. हातात पेढ्यांचा बॉक्स होता. तुम्ही आत आल्या आल्या खोलीभर तळणाचा वास पसरला आणि मला तुमची लाज वाटली. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. बाईंनी तुम्हाला खुर्ची दिली, तरी तुम्ही उभेच राहिलात, ऑफिसात उभं राहायची सवय. मग बसलात. बाईंनी बॉक्स हळूच टेबलाच्या कडेला सरकवला आणि मला म्हणाल्या, “तुझ्या वडिलांना जे काही सांगायचं असेल ते मला सांग.”

तुम्ही काय म्हणालात ते मला शब्द न् शब्द आठवतं. तुम्ही म्हणालात, “बाईंना म्हणावं, पोरीनं कॉपी केलेली नाही. मी अठरा वर्षं परीक्षेच्या हॉलच्या दारात उभा राहिलोय. कॉपीची चिठ्ठी कुठं लपवतात, कॉपी करणाऱ्याची नजर कशी असते, मला माहीत आहे. माझ्या पोरीनं महिनाभर घसा कोरडा केलाय. फुकट काही घेतलेलं नाही. म्हणावं, आत्ता इथं उभं करा, परत म्हणून दाखवंल.”

बाई माझ्याकडे बघत होत्या. तोवर मला कळून चुकलं होतं की यातलं एक वाक्य जरी मी इंग्रजीत म्हटलं तरी सगळं संपेल. ह्यांना चूक मान्यच नाही, असं त्यांना वाटेल. वर्ग जाईल, कॉलेज जाईल. आणि तुम्ही म्हणत होता ते चूक कसं, हे मलाही सांगता येत नव्हतं. बाई म्हणत होत्या तेही चूक वाटत नव्हतं. दोघांपैकी कुणाला काय समजावायचं? मी सोळा वर्षांची होते. मी म्हणाले, माझे वडील म्हणतात, त्यांना फार सॉरी वाटतंय. त्यांनीच मला हे करायला लावलं. ते शिकलेले नाहीत, त्यांना इथले नियम माहीत नाहीत. चूक त्यांची आहे.

बाईंचा चेहरा मऊ झाला. त्या तुमच्याकडे वळल्या आणि आपण लहान मुलांशी बोलतो तसं सावकाश, मोठ्याने तुम्हाला काही सांगू लागल्या. तुम्ही प्रत्येक वाक्याला “येस मॅडम, येस” म्हणत होता. मग मला विचारलंत, “पटलं ना त्यांना?” मी म्हणाले, “पटलं, अण्णा.” त्यांनी मला निबंध पुन्हा लिहायची संधी दिली, स्वतःच्या वाक्यांत. तुम्ही उठून हात जोडलेत. त्यांनीही जोडले.

आपण चालत घरी निघालो. त्या रस्त्याला फुटपाथ नाही, कडेच्या गवतातून चालावं लागतं. एका गाडीवाल्याने थांबून विचारलंसुद्धा, गाडी बंद पडली का म्हणून. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, “फादर, सॉरी, असं काहीतरी म्हणालीस तू. सॉरी कशापायी?” तुम्हाला तेवढे दोन शब्द येत होते हे मी विसरले होते. मी म्हणाले, “इथे सगळे उगाचच सॉरी म्हणतात, अण्णा. बोलायची पद्धत आहे.” तुम्ही “हां” म्हणालात. आणि गवतातून माझ्या पुढे चालू लागलात. ते ‘हां’ कसलं होतं? एवढंच मला विचारायचं आहे. कळलं होतं का तुम्हाला? कळून तुम्ही दुसऱ्या दिवशी दुकानात “बाईंना असं समजावलं की त्यांनी हात जोडले” असं सांगत होता का? मी डबा द्यायला आले होते. शेवेच्या कढईपलीकडचे, तुमच्याबरोबर काम करणारे काका म्हणाले, “मग आता अण्णांनाच मास्तर करा म्हणावं शाळेत!” तुम्ही हसलात, पण माझ्याकडे बघितलं नाहीत. की झारा हातात होता म्हणून बघितलं नाहीत?

पुढच्या वर्षी कॉलेजच्या अर्जासाठी स्वतःबद्दल निबंध लिहायचा होता. बाईच म्हणाल्या, त्या दिवसाबद्दल लिही. मी लिहिलं. एक न शिकलेला बाप परक्या देशात मुलीसाठी सगळी चूक स्वतःच्या अंगावर घेतो. कुठल्याही गाईडमधून एकही वाक्य घेतलं नव्हतं. बाईंनी समासात लिहिलं की आता खरी तू दिसतेस. त्या निबंधावर मला प्रवेश मिळाला. पत्र आलं तेव्हा तुम्ही नव्हता, तुम्हाला जाऊन सहा आठवडे झाले होते. घरातली पहिली पदवी आईने देवघरात ठेवली आहे, रोज तिला हळदकुंकू वाहते. मी तिथे नमस्काराला वाकत नाही, आणि तिला वाटतं कॉलेजात जाऊन माझा देवावरचा विश्वास उडाला.

आता मी शाळेत, या देशात नव्याने आलेल्या मुलांना निबंध लिहायला शिकवते. दुसऱ्याचे शब्द घेतलेत तर जसेच्या तसे घ्या, अवतरणचिन्हात घाला, आणि ते कुणाचे हे सांगा, हा नियम मी फळ्यावर लिहिते. मुलं उतरवून घेतात. मला मनापासून वाटतं की ही मुलं माझ्यापेक्षा सरळ लिहितील. पण त्यांचे आईवडील भेटायला येतात आणि तीच मुलं मधे उभी राहून दोन्हीकडचं बोलणं सांगू लागतात, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नाही.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. मागच्या रविवारी त्या मला एका दुकानात भेटल्या, माझा हात धरून म्हणाल्या, “इतके पालक पाहिले, पण आपली चूक मान्य करणारे तुझे वडीलच.” मी सांगणार होते. मी “थँक यू” म्हणाले. घरी येऊन मी त्यांनाच पत्र लिहायला घेतलं होतं, इंग्रजीत. तीन दिवसांत दोन ओळी झाल्या. मग तो कागद बाजूला ठेवून हे तुम्हाला लिहायला घेतलं आणि हे एका बैठकीत झालं. अण्णा, ते तुमच्यावरच्या मायेने झालं असं म्हणायला मला आवडलं असतं. बाईंना मराठी वाचता येत नाही, म्हणून झालं.