तिसऱ्या खोलीतले बाबा

चिमूर
१२ फेब्रुवारी २०२५

अंकुशदादास राजदीपचा सप्रेम जयभीम.

इकडं सगळं ठीक. लाखोळी निघाली, हरभरा पुढल्या हप्त्यात काढू. मायचं खाली लिहितो.

रविवारी तुह्या म्युझियमचं उद्घाटन झकास झालं. चंद्रपुरात एवढी मोठी इमारत, तेबी एकट्या तुह्या चित्रांची! आमचीबी छाती फुगली. स्टेजवर मायले शाल दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंग तू पाहुण्यांसंग जेवाले गेला अन् तसाच विमानानं मुंबईले. मागं काय झालं, तुले कोणी सांगितलं नसंल.

मायले सगळी चित्रं पाहाची होती. तिसऱ्या खोलीत थबकली. भिंतभर आपले बाबा. खाटेवर आडवे, अंगावर चिंधीबी नाई. खाली पाटी, ‘अखेरचं स्नान, २००९’.

तिनं अंगावरची शाल काढली अन् टाचा उंच करून चित्रावर टाकली. शाल घसरे, ती पुन्हा टाके. दोन गार्ड धावले. “आजी, हात नका लावू!” माय म्हणे, “माह्या नवऱ्याले उघडं ठेवलं रे, लोकं पाहून राह्यले!” दोघांनी दंडाले धरून बाहेर काढलं तिले. पोरी मोबाईलवर शूटिंग घेत होत्या. तुले लाज कशी नाई वाटली, दादा?

बाहेर पायरीवर मायनं मले विचारलं, “यानं हे कवा पाह्यलं? तू तं म्हणे, तो गोठ्यामागं रडून राह्यला होता.”

सोळा वर्षं मीच तिले हे खोटं सांगत आलो. खरं तं बाबा गेले त्या दिवशी मी त्यायच्या अंगावर पाणी टाकत होतो अन् तू दारात वही घेऊन उभा. मी म्हटलं, “एक लोटा तरी टाक.” तू म्हणाला, “थांब, त्यायचा हात हलवू नको.”

पायरीवर मले पुन्हा खोटं बोलता आलं नाई. सगळं सांगितलं.

चित्र उतरवा म्हणून मी तिथल्या साहेबाले भेटलो. तो म्हणे, हेच तं सगळ्यात गाजलेलं चित्र, स्वतः कलावंतानं लिहून द्यावं लागते. तं लिहून दे, दादा. मायसाठी एवढं कर.

नसंल देत, तं हेबी ऐकून ठेव. आज सकाळी माय म्हणे, “मी मेली का अंकुशले कळवू नको. अन् मले न्हाऊ घालाच्या आधी दाराले आतून कडी लाव.”

मी हो म्हटलं.

तुहा भाऊ,
राजदीप