आईच्या थडग्याचा चुना

प्रिय व्हर्लीन,

शिकागोच्या थंडीत तुझे गुडघे कुरकुरत नसतील, असे गृहीत धरून लिहितो. मी गावी सुखरूप आहे आणि ओडीलताईच्या हातचे भेंडी-झिंग्याचे कालवण खाऊन यथाशक्ती रुंदावतो आहे.

आज सर्व संतांचा दिवस, थडगी उजळायचा, म्हणून आम्ही दोघे आईच्या थडग्याला चुना लावायला गेलो. आपली दफनभूमी आता रसायनांच्या कारखान्याच्या कुंपणाच्या आत गेली आहे. फाटकावर हेल्मेट घालावे लागते आणि कोणाला भेटायचे तेही लिहून द्यावे लागते. मी ‘आई’ लिहिले. पहारेकऱ्याने गंभीरपणे विचारले, “त्या कुठल्या विभागात?”

“कायमच्या पाळीवर आहे बाबा,” ताई म्हणाली, आणि हसता हसता खोकत खालीच बसली.

तो खोकला फोनवर ऐकू येतो त्याहून वाईट आहे. आपल्या काळ्यांच्या गल्लीतल्या सात घरांपैकी पाच घरांत कर्करोग शिरला, आता सहावे ताईचे. गोऱ्यांच्या वस्तीजवळ मात्र एकही धुराडे नाही. जिथे धूर तिथे रोग, हे अनुमान करायला तर्कशास्त्र शिकावे लागत नाही.

मी म्हटले, “चल माझ्याबरोबर. व्हर्लीनने खोली तयार ठेवलीय.”

ताईने उरलेला चुना घेतला आणि आईशेजारच्या मोकळ्या जागेभोवती मांडलेल्या विटांना लावू लागली.

“वाया कशाला घालवायचा?” म्हणाली. “आणि मला भेटायला येशील तेव्हा त्या कागदावर नाव नीट लिही. तुझं अक्षर भयंकर आहे.”

त्या खोलीतली नवी चादर घडी घालून ठेव, व्हर्लीन. मी एकटाच येतो आहे.

चुन्याने माखलेला, तुझाच
अल्सीड