जिन्याने वर आलेला माणूस

प्रिय ताई,

समितीतली ती खुर्ची मला कितीला पडली, ते आधी सांगून टाकतो. एक काळा कोट, जो खांद्यात आवळतो. केसांना कलप, ज्यावर तुझी भावजय आठवडाभर हसत होती. चार बुधवार. आणि एक वाक्य. कोट कपाटात गेला, कलप उतरला, बुधवार पुन्हा येतात. वाक्य तेवढं परत मिळत नाही.

ते वाक्य तू वाचलं आहेस. वर्तमानपत्रातून कापून, माझ्या फोटोसकट, तूच मला पाठवलंस आणि सोबत एक ओळ लिहिली नाहीस. तुझ्या शिव्यांची मला लहानपणापासून सवय आहे गं. तू गप्प बसलीस की मी घाबरतो. पाकिटातल्या दुसऱ्या कागदाकडे मी नंतर येतो. त्याच्याकडे लगेच बघायची माझी अजून हिंमत नाही.

झालं ते असं. थोरले साहेब तुला ऐकून माहीत आहेत, ज्यांच्या उंच इमारतींतल्या बेचाळीस लिफ्ट मी सांभाळतो. एकट्या आईला मुलांसाठी मिळणारा भत्ता चालू ठेवायचा की नाही, हे ठरवायला सरकारने समिती नेमली आणि साहेबांना अध्यक्ष केलं. समितीचा सगळा खर्चही साहेबांच्याच धर्मादाय संस्थेने उचलला. म्हणजे ज्याचा चहा, त्याचीच चव. बाकी सभासद म्हणजे एक बँकवाले, एक सिमेंटवाले आणि महागड्या शाळा चालवणाऱ्या एक बाई. आयुष्यात रांगेत उभं राहिलेलं एकही माणूस नाही. मग दाखवायला कुणीतरी कामाने हात काळे झालेला हवा होता. मला बोलावलं. कोल्हा काकडीला राजी, मी गेलो.

तिसऱ्या बैठकीत त्यांनी मला विचारलं, तुम्ही शून्यातून एवढे वर कसे आलात? मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते, हे कळत होतं. तरी मी चढलो. म्हणालो, “मी लिफ्टवाला आहे, पण वर आलो तो जिन्याने. माझ्यासाठी कुणी बटण दाबलं नाही.” टाळ्या पडल्या. शाळावाल्या बाईंनी वाक्य लिहून घेतलं. घरी येऊन मी ते तुझ्या भावजयीला दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, छान आहे, आता ती डाळ निवडायला घ्या.

महिन्याभराने अहवाल आला. नाव ‘जिना’. पहिल्याच पानावर माझं वाक्य आणि आत सुचवलेला नवा नियम, की भत्ता फक्त दोन वर्षं, पुढे आईने आपल्या पायांनी चढावं. त्याच संध्याकाळी चिमणीचा फोन आला. तुझी लेक, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर, मला म्हणाली, “मामा, मला या महिन्यात दोन वर्षं पूर्ण होतात.” बस, इतकंच. नवरा जाऊन दोन वर्षं, लाँड्रीत अर्ध्या दिवसाचं काम, पदरात दोन मुलं, धाकट्याला दम्याचा त्रास. मी तिला म्हटलं, मी बसलोय ना, मी देईन दरमहा. ती म्हणाली, “तुम्ही मला द्याल. माझ्या शेजारी इस्त्री करणाऱ्या तिघींना मामा नाही.”

तरीही मला वाटत होतं, साहेबांचा हेतू वाईट नसेल. गेल्या गुरुवारी तोही भ्रम फिटला. त्यांच्याच इमारतीत एका लिफ्टच्या वरच्या चाकाचं बेअरिंग कुरकुरत होतं. कामगारांना आवाज सापडेना, म्हणून मी जुने कपडे चढवून स्वतः लिफ्टच्या छतावर उभा राहिलो. तिथे एकाच पोकळीत दोन लिफ्ट शेजारी शेजारी चालतात. दुसरी येऊन माझ्या पायापाशी थांबली. तिच्या छताच्या जाळीतून दिसलं, आत साहेब आणि त्यांचा सल्लागार, कुणाची तरी वाट बघत दार धरून उभे. आतल्या माणसाला छतावरचा माणूस कधीच आठवत नाही. सल्लागार म्हणाला, भत्त्यातून वाचेल ते उंच इमारतींवरचा कर कमी करायला पुरेल. साहेब हसले. म्हणाले, “हे आपण बोललो असतो तर लोकांनी दगड मारले असते. लिफ्टवाला बोलला, तर टाळ्या. आणि बरं झालं, त्याने विचारलं नाही की मी कुठल्या जिन्याने आलो. मला तर आजोबांनी अख्खी इमारतच दिली.”

ताई, हातात पाना होता. तो खाली पडू दिला नाही, एवढीच माझी कमाई. पण राग नुसता साहेबांचा नाही. आपल्या घरी दर महिन्याला पैसे यायचे तेव्हा आई म्हणायची, मामाने पाठवले. एका दुपारी पडद्यामागे ती तुला बजावत होती, “पैसे सरकारी भत्त्याचे आहेत हे धाकट्याला सांगू नकोस, त्याची मान खाली जाईल.” माझे कान तेव्हाही तिखट होते. सगळं ऐकलं. तेव्हापासून मला माहीत आहे, आणि तेव्हापासून मी मामाचंच नाव सांगत आलो. समितीत मी विसरलो नव्हतो. मी खोटं बोललो. बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. हा नवा नियम तेव्हा असता, तर नवव्या वर्षी कुणाच्या तरी दुकानात फडकं मारत असतो आणि तुझी शाळा माझ्याही आधी सुटली असती.

सोमवारी अहवालावर जाहीर सुनावणी आहे. मी बोलायला नाव दिलंय. कोट घालणार नाही. तू पाठवलेला तो दुसरा कागद, आईचं भत्त्याचं पिवळं कार्ड, मी तिथे उभा राहून वाचणार आहे. बेचाळीस लिफ्ट हातच्या जातील. माझ्या जुन्या मेस्त्रीला तसं सांगितलं, तर म्हणाला, लिफ्ट गरिबांच्याही बिघडतात, चला. हे पत्र फक्त तुझी परवानगी मागायला लिहिलंय. आईने जन्मभर झाकलेलं मी चव्हाट्यावर मांडतोय असं वाटत असेल, तर कळव, मी कार्ड घरी ठेवून जाईन. पण तसं वाटत असतं तर तू ते धाडलंच नसतंस. इथवर लिहिल्यावर हिंमत करून, चष्मा लावून ते आत्ता दोन्ही बाजूंनी वाचलं. पुढे आईचा अंगठा. मागे शेवटची नोंद: मुलगा, वय सोळा. लिफ्ट दुरुस्तीचा वर्ग, दोन वर्षं. फी भत्त्यातून भरली.

तुझाच,
धाकटा