पुढचं मयत कोंडसरीच्या हद्दीत राहावं म्हणून

दि. १२ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
शांत किनारा निवड समिती,
जिल्हा रत्नागिरी

विषय: मौजे कोंडसरी येथे यापुढे बुडणारी व्यक्ती गावाच्या हद्दीबाहेर वाहून जाऊ नये म्हणून जाळे लावण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: किनाऱ्यावर ओरडून शांतता भंग केल्याबद्दल अर्जदारास आलेली आपली नोटीस.

महोदय,

अर्जदार गंगा हरिश्चंद्र मयेकर, राहणार कोंडसरी, सविनय कळविते की,

१. तीन वर्षांत कोणी बुडून मेल्याची नोंद नसेल, तर तो किनारा सुरक्षित, असा आपला नियम आहे. त्यानुसार आमचा किनारा 'शांत व सुरक्षित' ठरला. धोक्याचा जुना फलक काढून तिथे 'सुरक्षित किनारा' असा नवा बोर्ड, दोन झोपाळे आणि फोटोसाठी लाकडी चौकट बसविण्यात आली.

२. काळ्या कातळापलीकडे ओहोटीला पायाखालची वाळू सरकते आणि पाणी माणसाला आत खेचते. गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी शेजारच्या आंबेखोलच्या खाडीत लागतो. मयत तिथे सापडते, म्हणून नोंदही तिथेच होते. अशी चार मयते झाली. त्यामुळे ज्या आंबेखोलच्या चिखलात म्हशीसुद्धा उतरत नाहीत, तिथे आपण लाल बावटे आणि दोन जीवरक्षक दिले. ते दिवसभर चिखलावर लक्ष ठेवतात.

३. चौथे मयत अर्जदाराच्या पतीचे. गेल्या वर्षी ९ नोव्हेंबरला ते जाळे वाळत घालत होते. एक बाप-लेक कातळापलीकडे उतरताना पाहून ते ओरडले, "अवो दादा, थंय नको, पाय सुटतील!" तो गृहस्थ हसून म्हणाला, "काका, बोर्डवर सुरक्षित लिहिलंय." पतींनी दोघांना बाहेर काढले. स्वतः राहिले. ती दोघे जिवंत असल्याने त्यांची नोंद कुठेच नाही. पतींची आंबेखोलला आहे.

४. मृत्यूचे ठिकाण दुरुस्त करून मिळावे म्हणून अर्जदार आपल्या कार्यालयात चार वेळा आली. तेथील कारकून म्हणाले, "वहिनी, मयत सापडतं तिथलं धरतात. समुद्राला नोटीस काढू का, कुठून उचललंस म्हणून?" मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "तुमच्या हद्दीत एखादं मिळालं तर बघू."

५. (या ठिकाणी अर्जदाराने पतींविषयी लिहिले होते. "साहेब एवढं वाचत नाहीत," असे कारकुनांनी सांगितल्यावरून खोडले आहे.)

६. सबब, कारकुनांच्या सूचनेनुसार दीर महिपत आणि अर्जदार यांनी पतींचेच जाळे दुरुस्त केले आहे. ते कातळापासून आडवे लावू द्यावे. पुढचे मयत आम्ही कोंडसरीतच अडवू व आपल्या नियमात बसवून देऊ. नाताळची गर्दी दहा-बारा दिवसांवर आली आहे, म्हणजे फार थांबावे लागणार नाही.

७. हे मंजूर नसल्यास जुना फलक परत द्यावा. तो कार्यालयाच्या जिन्याखाली आहे. त्यावर चहाचे पेले ठेवतात.

८. तोवर अर्जदार दर ओहोटीला किनाऱ्यावर उभी राहून ओरडणार आहे. तिच्यामुळे सूर्यास्ताचे फोटो बिघडतात, ही तक्रार खरी आहे.

आपली नम्र,
गंगा हरिश्चंद्र मयेकर

सोबत:
१) पतींच्या मृत्यूचा दाखला (ठिकाण: आंबेखोल)
२) आपली नोटीस
३) जाळ्याचा हातभर तुकडा, नमुन्यादाखल. पाहून झाल्यावर लगेच परत मिळावा. जाळ्यात तेवढी जागा उघडी आहे.