जेवणाच्या सुट्टीतला एक्स-रे

प्रिय गोलकीपरबाई,

फोन उचलत नाहीस, म्हणून दादाच्या हाती हे पत्र तुझ्या सरावशिबिरात पाठवतेय. हवं तेवढं रुस, पण रविवारच्या अंतिम सामन्याआधी वाच. जांघेत दुखतंय म्हणालीस, तेव्हा ‘नाटकं पुरे, मी स्वतः एक्स-रे काढलाय’ असं मी फाडकन बोलले. त्या बोलण्याची आता माझी मलाच लाज वाटतेय.

आज आमच्या एक्स-रेच्या खोलीत एक सायकल शर्यतीतली मुलगी आली होती. कुठे दुखतं विचारलं, तर तिने कमरेखाली पंजा धरला, बोटं जांघेत आणि अंगठा मागे. तू जिना चढून आलीस की धरतेस ना, अगदी तसाच. डॉक्टरांनी तिला आमच्याच टेबलावर उताणी झोपवली, गुडघा छातीकडे वाकवला आणि मांडी आत वळवली, तशी बिचारी कळवळली. मग मला म्हणाले, समोरून एक काढा आणि बाजूने तिरका एक. समोरच्यात सगळं ठीकठाक. तिरक्यात मात्र मांडीच्या हाडाच्या मानेवर, जिथे खोलगट हवं तिथेच, उंचवटा. पाय वाकला की तो खुब्याच्या वाटीच्या काठावर घासतो, फुगलेलं दार चौकटीला घासतं तसा, आणि काठाची मऊ गादी फाटत जाते. किती फाटलीय ते एमआरआयमध्ये कळेल म्हणाले.

तुझा एक्स-रे मी गेल्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत उरकला होता. ना डॉक्टरांनी तपासलं, ना त्यांची चिठ्ठी. घरचंच काम, डबा गार होतोय, म्हणून समोरून एकच काढला. त्या भरवशावर तू वर्षभर गोलासमोर झेपा घेतेस, आणि वर मी तुला रोज मांड्या ताणायला लावते.

एवढंच असतं तर तुझ्या फोनची वाट बघितली असती. पण दुसरा फोटो घाईत राहिला नव्हता गं. त्या पहिल्यातच मला मान जराशी जाड वाटली होती. मशीन तिरकं करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. संघाची निवड तोंडावर होती, तू इतकी खूश होतीस. वीस वर्षं लोकांच्या लेकरांची हाडं बघतेय, तुझं बघायचं धाडस झालं नाही. रविवारी खेळू नकोस. शनिवारी दहाची वेळ घेतलीय. आधी डॉक्टर तपासतील, मग फोटो माझी मैत्रीण काढेल. मी मशीनपाशी नसेन, बाहेर बाकावर बसेन. मला आत बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
आई