चारच्या पुढचा आकडा

२७ सप्टें., शनि. र्युसेल्सहाइम, जर्मनी

खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलर आल्या. वय ८४. कापडी पिशवीत युद्धातलं पिस्तुलाचं होल्स्टर, काळं चामडं, कोरडं ठणठणीत. वडिलांचं म्हणाल्या. ते बेचाळीसच्या नाताळाआधी रशियात बेपत्ता झाले, मग हे एका सोबत्याने घरी आणून दिलं, असं आई सांगायची. आता चुलतभाऊ म्हणतो, आईने जुन्या बाजारात विकत घेतलं होतं, पोरीला बापाचं काहीतरी दाखवायला.

"हेर्र दातार, तुमच्याकडे अशी बावीस आहेत. बघून सांगा. जे असेल ते."

पाठीवर कारखान्याची तीन अक्षरं, खाली साल. चार स्पष्ट, पुढचा आकडा घासलेला. दोन असेल तर वडिलांचं असू शकतं. तीन असेल तर नाही, त्रेचाळीसला ते नव्हतेच. उद्या उन्हात बघून कार्ड लिहून देतो म्हणालो. माझ्या प्रत्येक नगाला कार्ड असतं: कारखाना, साल, अवस्था. खात्री नसेल ते लिहीत नाही.

चुलतभावाचा राग आला. ऐंशी वर्षांनी हे बोलून काय मिळालं त्याला?

२९ सप्टें., सोम.

काल ऊन नव्हतं. आज दिवसभर मीटिंग. फ्राऊ के. जिन्यात भेटल्या. विचारलं नाही, नुसत्या थांबल्या. 'बुधवारपर्यंत नक्की' म्हणून सटकलो.

सासरे, मृणालचे बाबा, पुण्याहून आल्यापासून घरात तपासणी चालू आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. खिडकीची बिजागरी, डिशवॉशर, मी. कोणीच पास होत नाही. आज होल्स्टरकडे बघून, "अमोलराव, चामडं तडकलंय की. याला तेलबिल?" नको म्हटलं. का नको ते सांगणार, तेवढ्यात कॉल आला.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. तरी लिहितो, नाहीतर कोणाला तरी काहीतरी बोलून बसेन.

ऑफिसातून आलो तर हॉलमध्ये पूजा मांडलेली. माझा पान्यांचा सेट, मृणालचा लॅपटॉप, ब्रेडची सुरी आणि मधोमध फ्राऊ के. यांचं होल्स्टर. हळदकुंकू, फूल. आणि खोबरेल. आतून-बाहेरून, चोळून चोळून. माझी बावीस कपाटात कुलपात होती म्हणून वाचली. त्यांचं मीच टेबलावर टाकलं होतं.

जुन्या चामड्याला तेल लावायचं नसतं. ते फुगतं, ठसे बुजतात. बुजलेच. चार कसाबसा कळतो, पुढे काळा डाग.

"अहो बाबा, हे काय केलंत?" एवढंच निघालं तोंडातून.

"शस्त्राचं घर ते. आजच्या दिवशी कोरडं ठेवतात का? कारखान्यात आम्ही एकेक हत्यार पुसून..."

मृणाल मागून डोळे वटारत होती, गप्प बस म्हणून. सासरे पडले ना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. जेवलो नाही.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

सकाळी टिपकागद लावून पाहिला. काही नाही. कलेक्टरांच्या ग्रुपवर विचारलं. उत्तर एका ओळीत: तेल आत गेलं की गेलं.

मृणालशी कडाक्याचं भांडण. "बाबांच्या नावाने काय खडे फोडतोस? पाच दिवस तुझ्याकडे होतं. तू का नाही बघितलंस?" दार आपटून बाल्कनीत गेलो.

सासरे सोनं द्यायला आले. इथे आपटा कुठला, अंगणातल्या मेपलची पिवळी पानं. नमस्कार केला, पानं खिशात कोंबली, तोंडाकडे बघितलं नाही. मग डब्यात शिरा घेऊन ते खाली गेले. जाऊ देत.

खरं लिहितो. शनिवारीच बघितलं होतं. टॉर्च आडवा धरला की घासलेला ठसाही उठतो. तीन वाटला. लगेच टॉर्च बंद केला. पुन्हा धरला असता तर वाटला-बिटला राहिलं नसतं, म्हणून धरला नाही. ऊन, मीटिंग, सगळी थापेबाजी. आणि काल तो डाग बघून आधी बरं वाटलं, मग राग आला. याचा संताप सगळ्यात जास्त.

३ ऑक्टो., शुक्र. सुट्टी

खाली गेलो, सगळं सांगून टाकायचं म्हणून. बेल वाजवायच्या आत दार उघडलं. टेबलावर आमचा डबा, धुतलेला. शेजारी दोन पिवळी पानं.

"तुमचे सासरे किती भले आहेत, हेर्र दातार. फॉर्टी टू म्हणाले. आय इन्स्पेक्टर, म्हणाले." टेबलावर बोटाने दोन काढून दाखवला, त्यांनी काढला होता तसा. "गेनाऊ, अगदी बरोबर. आई खोटं नव्हती बोलत." रडल्या. मग डोळे पुसून, "आता तुमचं कार्ड द्या, सहीचं. चुलतभावाला पाठवते."

मी 'हो, हो' करत वर आलो. तेलाचं बोललोच नाही.

"बाबा, पुसायच्या आधी आकडा बघितला होतात?"

"तीस वर्षं ठसेच वाचलेत मी."

"दोन होता?"

चष्मा काढून पुसत बसले. "शनिवारी टॉर्च घेऊन तुम्हीच बसला होतात ना? मी सोफ्यावर होतो. तुमचा चेहरा बघितला. तुम्हाला किती दिसला?"

तेल भक्तीने लावलं की विचार करून, हे विचारायची माझी टाप नाही.

५ ऑक्टो., रवि.

आज लख्ख ऊन. आता कशाला उगवलंय?

सगळ्यांचा राग येतोय. सासऱ्यांचा, चुलतभावाचा, फ्राऊ के. यांच्या आईचाही. एवढं सांभाळून खोटं बोललीस, तर साल तरी बघून घ्यायचंस, बाई. पण बोललीच असेल कशावरून? मला तरी नुसतं वाटलंच होतं ना?

सकाळी फ्राऊ के. यांनी दाराखालून पाकीट सरकवलं, चुलतभावाचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं. कार्डावर कारखान्याची तीन अक्षरं लिहिली. अवस्था: तेल लावलेलं. खाली सहीसुद्धा केली. सालाच्या जागी चार लिहिला आहे, आणि पेन तेव्हापासून हातातच आहे.